कठड्यावरचा हात

रविवारी साताऱ्याला पळायची शर्यत झाली आणि मंगळवारी रात्री फोटो आले. हल्ली फोटो शोधायला छातीवरचा बिब नंबरसुद्धा लागत नाही. स्वतःचा एक सेल्फी टाकायचा, मग हजारोंच्या गर्दीतून यंत्रच आपला चेहरा वेचून काढतं. जेवण उरकून, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून मी सेल्फी टाकला. चक्र फिरलं आणि अकरा फोटो आले. पोवई नाक्यावरचा एक, त्यात डोळे मिटलेले. समर्थ मंदिराजवळ एका शाळकरी पोराला टाळी देतानाचा एक. घाटातल्या वळणावरचे लागोपाठ तीन, छाती पुढे, मुठी आवळलेल्या, चेहऱ्यावर भाव असा की जणू संध्याकाळच्या आत प्रतापगडावर खलिता पोचवायचा आहे. उतारावरचे पाच, सगळे सारखेच. आणि अकरावा फोटो माझा नव्हताच.

तो एका बाईंचा होता. हिरवी नऊवारी, नाकात नथ, पायात पोपटी बूट, दोन्ही हात वर करून खळखळून हसतायत. काढणाऱ्यानं काढला होता त्यांचाच. पण त्यांच्या उजव्या खांद्यामागे, किंचित धूसर, एक हात घाटाच्या कठड्यावर टेकवून, दुसरा गुडघ्यावर रोवून, तोंड उघडं टाकून एक माणूस उभा होता. यंत्रानं त्याला बरोबर ओळखलं होतं. मला ओळखायला जरा वेळ लागला.

उभा होता. चालतसुद्धा नव्हता.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण रविवारी दुपारीच, कंदी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन पुण्याकडे परतताना, मेडलचा फोटो टाकून त्याखाली मी चारच शब्द लिहिले होते. ‘यवतेश्वर घाट. न थांबता.’ मोठं लिहिण्यापेक्षा थोडक्यात लिहिलं की जास्त भारी वाटतं, हे एव्हाना मला चांगलं कळलेलं आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत शंभरावर लोकांनी दंडाच्या बेटकुळीची चित्रं पाठवली होती. ‘साहेब, वेड आहात!’ ‘लय भारी!’ ‘या वयात!!’ यातलं शेवटचं मला नीटसं आवडलं नव्हतं, पण तेही ठेवून घेतलं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना घाटाचं काही सांगायला नको. २०१२ पासून लोक तिथं जाऊन तेच दुःख विकत घेतात. शहरातून निघायचं, समर्थ मंदिर मागं पडलं की चढ सुरू, कासच्या रस्त्याला लागेपर्यंत चढतच राहायचं आणि मग वळून तोच घाट उतरायचा. जाताना फुप्फुसं फाटतात, येताना मांड्या. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, सोमवारी बँकेचा जिना मी कठडा धरून उलटा उतरलो आणि शिपायानं विचारलं, “साहेब, काही विसरलं का वर?” पण घाटात खरी मजा असते ती फोटोग्राफरची. तो कुठल्या वळणावर बसलाय हे त्याला बघायच्या आधीच समजतं, कारण त्याच्या पन्नास पावलं अलीकडे सगळे चालणारे अचानक पळायला लागतात. पोटं आत जातात, माना ताठ होतात, कुणीतरी ‘जय भवानी’ म्हणतं. त्याला मागं टाकून वीस-तीस पावलं गेलं की पुन्हा सगळे चालायला लागतात. कुणी कुणाकडे बघत नाही. माझे ते तीन वीरश्रीचे फोटो तिथलेच. मला फक्त हे माहीत नव्हतं, की पुढच्या वळणावर झाडाखाली आणखी एक जण लांब भिंग लावून बसला होता.

त्याच्या अलीकडेच कुठेतरी मी थांबलो. घड्याळ १७८ ठोके दाखवत होतं. दोनशेवीसमधून वय वजा करायचं, हा जुना ठोकळ हिशेब धरला तर सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी हद्द १७३. मनगटावरचं घड्याळ त्या हिरव्या उजेडानं नाडी बघतं आणि पळताना कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजून बसतं, हे मला माहीत होतं. पण कानात जे वाजत होतं ते घड्याळात नव्हतं. कठड्यावर हात टेकला. दगड गार होता, बुळबुळीत, शेवाळाचा. बोटांना हिरवट काळं काहीतरी लागलं आणि ते पुढे फिनिशपर्यंत तसंच होतं. पाण्याच्या टेबलावरचा आठवी-नववीतला एक पोरगा मीठ लावलेला उकडलेला बटाटा घेऊन धावत आला. “काका, बसू नका हं. बसलं की उठवत नाही.” कुणाचं तरी ऐकून म्हणत असणार, पण इतक्या अधिकारानं म्हणाला की मी बसलो नाही. बटाटा गिळवेना. तोंडात धरून उभा राहिलो. तेवढ्यात धुकं बाजूला झालं आणि समोर अजिंक्यतारा आख्खा उघडा पडला. पायथ्याशी ओलं सातारा, पत्र्यांवर चमकणारं पाणी, खालून कुठून तरी येणारा ढोल. मग पुन्हा पडदा पडला. एवढ्या शर्यतीत मी जर काही पाहिलं असेल तर तेवढंच.

बटाटा संपायला किती वेळ लागला, कोण जाणे. बिबच्या मागच्या चिपलाही यातलं काही ठाऊक नाही. तिला सतरंजीसारख्या त्या पट्ट्यांवरून माणूस कधी गेला एवढंच समजतं.

मंगळवारी रात्री बादलीतलं पाणी गार होईपर्यंत मी तो फोटो बघत बसलो. कुणाच्या लक्षात येणार होतं? आलं तरी कोण विचारणार होतं? माझ्या न थांबण्यावर कुणी बोजा चढवलेला नव्हता. तरी झोप येईना, तेव्हा मोबाइलवर अंगठ्यानं मागं मागं जात राहिलो. शर्यती, मेडलं, सिंहगड, सूर्योदय, बुटांची नवी जोडी, पुन्हा सिंहगड. तीन वर्षं मागं गेल्यावर अगदी तळाशी पहिली नोंद सापडली. फोटोत शाळेचं मैदान, अजून उजाडलेलं नाही, गोलपोस्टजवळ एक कुत्रं झोपलेलं. खाली लिहिलंय, ‘आज आठशे मीटर. दोनदा थांबलो.’

त्याच्या आदल्या आठवड्यात साखरेचा रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी, ८.१. डॉक्टर फारसे बोलले नाहीत, गोळी लिहिली आणि चाला म्हणाले. मी चाललो, मग चिडून पळून बघितलं आणि पहिल्याच वळणावर गोलपोस्टला धरून उभा राहिलो. ते का लिहिलं, ते आता नीट आठवत नाही. घरी सांगायची लाज वाटत होती आणि अनोळखी माणसांना सांगायची वाटत नव्हती, असं काहीतरी असावं. अकरा लाइक आले. बार्शीच्या एक बाई, ज्यांना मी आजवर पाहिलेलं नाही, त्यांनी लिहिलं होतं, ‘थांबलात, पण घरी नाही ना गेलात.’ त्या एका ओळीवर मी पुढचे कित्येक दिवस साडेचारचा गजर लावून उठलोय. तेव्हा ऑनलाइन टाकणं म्हणजे निव्वळ मिरवणं, असं कुणी म्हणालं की मला ते अर्धवट वाटतं. त्या दिवसांत मी दर नोंदीत थांबे लिहायचो. ‘दीड किलोमीटर, एकदा थांबलो.’ ‘दोन किलोमीटर, बुटाची नाडी सुटली म्हणून थांबलो, खरं तर दम लागला होता.’ बार्शीच्या बाईही लिहायच्या. त्यांचं कसलंसं ऑपरेशन झालं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मारुतीपाशी बसले, परत आले. आम्ही दहा-बारा जण होतो. त्या वेळी कुणाला ‘प्रेरणादायी’ हा शब्द सुचलेला नव्हता.

थांबे कधी गळले, ते मी त्या रात्री शोधत होतो. नेमकी तारीख सापडली नाही. संशय सिंहगडावर जातो.

पुण्यात सिंहगडाला कुणी ‘कसा होता?’ असं विचारत नाही. ‘किती मिनिटं?’ असं विचारतात. आतकरवाडीतून निघून पुणे दरवाज्यात पोचेपर्यंतचा हिशेब. घड्याळातच अशी सोय आहे की पाय थांबले की ते आपोआप थांबतं, पाय हलले की चालू होतं. अ‍ॅपवर जी वेळ ठळक दिसते ती फक्त हललेल्या पायांची. पहिल्यांदा बावन्न मिनिटं दिसली तेव्हा मी खरंच चमकलो होतो, कारण घरून निघताना लावलेल्या अंदाजापेक्षा ती बरीच कमी होती. अर्ध्या वाटेवर ताकवाल्या मावशींपाशी टेकलेली दहा-बारा मिनिटं त्यात नव्हती. मी बावन्न टाकली. दंडांची चित्रं आली. त्यानंतर दर रविवारी मी तिथं थांबतो, खारं ताक पितो, मावशी ‘आज उशीर झाला’ म्हणतात, मीठ जास्त पडलंय का विचारतात. पण नोंदी काढून बघितल्या तर मी आजवर सिंहगडावर ताकाचा एक थेंबही प्यायलेलो नाही.

एकदा थांबा लपवता आला की मग तो प्रत्यक्षातही नकोसा होतो. दहा हजार पावलांचं उदाहरण घ्या. रात्री अकरा चाळीसला मी गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागलो होतो, कारण मोबाइल ९,६०० वर अडला होता. बायको म्हणाली, “समोरच्यांना वाटेल मी घराबाहेर काढलंय.” दहा हजार हा आकडा काही कुठल्या वैद्यानं नाडी धरून ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मुळी ‘दहा हजार पावलांचं मीटर’, मानपोकेई. जाहिरातीतला गोल आकडा. हे मला माहीत आहे, चारचौघांत मी ते ऐटीत सांगतोही, आणि रात्री अकरा चाळीसला गॅलरीतही मीच असतो.

मग ग्रुपवर शंभर दिवसांचं ठरलं. रोज किमान दोन किलोमीटर, खंड पडता कामा नये. त्रेसष्टाव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या टाचेत कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. तळव्याखालच्या पडद्याला सूज. पळणाऱ्यांच्यात ती सर्दीइतकी ओळखीची. पहिली वीस पावलं जीव घेते, मग सैल होते, आणि सैल झाली की माणसाला वाटतं काही झालंच नव्हतं. मी एकाहत्तराव्या दिवसापर्यंत लंगडत पळालो. एकाहत्तराव्या दिवशी पर्वतीवरून काढलेला सूर्य टाकला आणि खाली लिहिलं, ‘वेदना मनात असते.’ वेदना टाचेत होती. एका ओळखीच्या पोरानं ती ओळ स्वतःच्या स्टेटसला लावली, आणि पुढे महिनाभरानं त्याचा गुडघा सुजला. माझ्यामुळेच असं मी म्हणणार नाही. पण त्यानं मला भेटून ‘सर, तुमची ती ओळ’ असं सुरू केलं तेव्हा मी घाईघाईनं विषय बदलला. नंतरचे सहा आठवडे मी टीव्हीसमोर बसून बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवत होतो. त्या सहा आठवड्यांची एकही नोंद नाही. बार्शीच्या बाईंनी विचारलं होतं, ‘सर, दिसला नाहीत.’ मी लिहिलं, मार्च एंडची गडबड.

ऑगस्ट होता.

माझे आजोबा कराडच्या तालमीत जोर मारायचे. मी पाहिले तेव्हा साठीच्या पुढचे, कान मोडलेले, मान आणि खांदा यांच्यात भेद न राहिलेला. घरी परसात त्यांचं चालायचं. एका पत्र्याच्या डब्यात नदीचे खडे होते. पंचवीस जोर झाले की एक खडा या बाजूचा त्या बाजूला. टक्क असा आवाज यायचा आणि आम्हाला आत अंथरुणात कळायचं की आजोबांचं सुरू झालं. पण एकूण किती, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. विचारलं की डब्याचं झाकण लावायचे. “आकडा सांगू नये. नजर लागते.” आई अजून तेच म्हणते. माझे फोटो तिला स्टेटसला दिसतात; गेल्यावर्षी दिवाळीत गेलो तेव्हा न विचारता मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. चूल म्हणजे गॅसच, पण तडतडल्या.

ही नजर कुणाची, ते फार नंतर आजोबांच्याच एका दोस्तानं सांगितलं. जत्रेच्या मैदानात पुढच्या महिन्यात ज्याच्याशी कुस्ती लागणार त्या गावच्या पैलवानाची! आपला दम किती, कुठल्या पायाला दुखतंय, खुराक वाढलाय की घटलाय, हे बाहेर जाता कामा नये. सरळ व्यवहार होता. आणि झाकण फक्त तालमीपुरतं. मैदानात काही झाकता यायचं नाही. लाल मातीत पाठ लागली की साऱ्या गावानं पाहिलेली असायची, संध्याकाळी पारावर पुन्हा दाखवली जायची, वीस वर्षांनी सुद्धा कुणीतरी आठवण काढायचं. आजोबा एकदा मसूरच्या जत्रेत दोन मिनिटांत चीत झाले होते. ही गोष्ट मी त्यांच्याकडून नाही, गावातल्या चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकली, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात वेळ कमी होत गेली.

जिंकल्याचंही तसंच. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले तेव्हा कराडहून गोळेश्वरला मिरवणूक निघाली. बैलगाड्या दीडशेच्या वर, हाकेच्या अंतराला तासन्‌तास लागले. आजोबा त्या गर्दीत होते. पण त्यांना मिरवणुकीपेक्षा आधीचं सांगायला जास्त आवडायचं. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आले होते ते, पुढच्या खेपेला वर्गणी कशी काढली ते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार कसे उभे केले ते. सांगायचं काम गावाचं होतं, त्यामुळे गाव आपल्याला हवं ते सांगायचं. आता गाव नाही. मिरवणूक आपली, बैलही आपणच हाकायचे, आणि गुलाल डोळ्यांत जाणार नाही एवढं बघायचं.

जुनं तेवढं सोनं असं मला म्हणायचं नाही. आजोबांच्या तालमीत आठशे मीटरवर धापा टाकणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या कॅशियरला वस्तादानं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. बार्शीच्या बाईंना तर नाहीच नाही. मला आत घेतलं ते त्या अकरा लाइकांनी.

रविवारी रात्री आईचा फोन आला होता. “घाटात दमला नाहीस?” मी म्हणालो, नाही. “आजोबांवर गेलास,” ती म्हणाली, आणि मी पेढ्यांचं विचारलं.

गुरुवारी तो फोटो पुन्हा दिसला. आमच्या मोठ्या ग्रुपवर नऊवारीतल्या बाईंनी स्वतःच टाकला होता. ‘पहिली हाफ मॅरेथॉन. घाट सर!’ माझ्या पोटात गोळा आला. आता इतके जण बघणार, त्यातले निदान वीस मला ओळखणार. मी फोटो बोटांनी मोठा केला. हिरवी नऊवारी, नथ, वर केलेले हात. खांदा. खांद्यामागे धुकं.

मी नव्हतो.

बाईंनी कडेनं कापलं होतं. रास्तच आहे, आपल्या आयुष्यातल्या पहिल्या घाटाच्या फोटोत तोंड उघडं टाकून उभा असलेला परका माणूस कोण ठेवील? सुटलो म्हणून श्वास सोडला आणि लगेच, खोटं कशाला सांगू, थोडा अपमान वाटला. पुन्हा नीट बघितलं. कातरी अगदी काठोकाठ बसली नव्हती. उजव्या कडेला, शेवाळलेल्या कठड्यावर, मनगटापासून पुढे एक हात शिल्लक राहिला होता. घड्याळाचा निळा पट्टा अर्धा कापलेला. बोटं फाकलेली, दगडाला घट्ट धरून.

खाली साठेक जणांनी अभिनंदन केलं होतं. मीही लिहिलं, ‘छान!’

मिनिटाभरात उत्तर आलं. ‘धन्यवाद दादा. तुम्ही पण होता का घाटात?’

टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं.

‘हो. तुमच्या मागंच उभा होतो.’